सहा सुताची प्लेट

उस्मान दळवींनी पुठ्ठा आणला, वॉशिंग मशीनच्या खोक्याचा.
एका बाजूला जुन्या गिअरबॉक्सच्या तोंडाचा ठसा,
हातोडीच्या हलक्या टिचक्यांनी उमटलेली बारा भोकं.
उलट्या बाजूला नव्या इंजिनाची दहा.
"कुंदाताई, ह्या बाराची त्या दहाशी गाठ घालून द्या.
सोयरीक मी जमवलीय, लग्न तुम्ही लावा."

कळंबोलीत, स्टील मार्केटच्या मागच्या गल्लीत माझा लेथ.
बापानं जमिनीच्या मोबदल्यातून घेतलेला.
बाकीचा मोबदला तीन लग्नांत आणि एका बुलेटमध्ये गेला.
बुलेटही गेली.

ट्रक शक्तिमान, लष्कराच्या लिलावातला.
दारावर नखानं खरवडलं तर हिरव्याखाली वाळूचा रंग,
त्याखाली पुन्हा हिरवा.
इंजिन खोपोलीजवळ उलटलेल्या टिपरचं.
नवं म्हणायचं, तसं दहा वर्षांचं,
पण ह्या ट्रकपुढं पोरच.
कॉम्प्युटरवालं उस्मानभाईंनी घेतलं नाही.
"वायरीशी भांडायचं माझं वय नाही."

लोक सुतावरून स्वर्ग गाठतात.
मला फक्त गिअरबॉक्स गाठायचा होता.
सहा सूत जाडीची प्लेट, मध्ये शाफ्टसाठी पोकळी,
आणि दोन भोकं हट्टानं एकमेकांवर येणारी.
रात्री ताटातली भाकरी फिरवत बसले,
तेव्हा सुचलं:
इंजिन चार अंश कलतं बसवू.
सरळ बसायला कुणी सांगितलंय त्याला?

शाफ्टचं केंद्र आणि फ्लायव्हीलचं केंद्र एक.
बाकी सगळं चुकलं तर वेल्डिंग आहे, वॉशर आहे,
उस्मानभाईंच्या शिव्या आहेत.
केंद्र चुकलं तर काही नाही.
डायलचा काटा सहा घरं हलत होता.
पत्र्याची चिमूट सारली, चार.
पुन्हा खोललं. पुन्हा कसलं.
शेजारच्या वजनकाट्यावर कॉइलचे ट्रेलर येत होते,
जमीन हादरली की काटाही हादरायचा,
मग श्वास धरून थांबायचं.
पहाटे दोनला काटा झोपला.

मग उस्मानभाईंनी पंपाचा स्क्रू आत पिळला
आणि वर शिशाचं सील ठोकलं.
"एवढी ताकद ह्या जुन्या दांत्यांना सोसायची नाही.
पोराला सांगितलंय, घरात हळू बोल."

पासिंगचं एजंट बघतोय.
तीन महिने बघतोय.

मालक हिंदुराव जगदाळे, फौजेतून सुटलेले, आले चाचणीला.
पांढऱ्या मिशा, पायात इस्त्रीची पँट.
उस्मानभाईंनी पुढचं दार उघडलं.
ते मागच्या फळीवर पाय देऊन वर चढले,
केबिनला पाठ लावून बसले.
"अहो, पुढं या!"
"मी लांगरी होतो. चोवीस वर्षं मागं, डेगच्यांजवळ.
मला रस्ता येताना कधी दिसलाच नाही.
जाताना दिसायचा."

रोडपालीपर्यंत जाऊन परत.
मी दारात उभी.
आवाज अनोळखी, गोल, जाड.
पण गाडी वळली तेव्हा पाहिलं:
म्हाताऱ्याचे दोन्ही तळवे हवेत पालथे,
नसलेलं झाकण दाबून धरलेले.
उतरले. म्हणाले,
"तिसऱ्या गिअरला ही खोकायची. डाळ सांडायची.
आज नाही खोकली."
आणखी काहीतरी म्हणणार होते,
घसा खाकरला, ते स्वतःच खोकले.

तळोज्यात, रात्रपाळी सुटते तिथं
ते ट्रकवरच स्वयंपाक मांडणार आहेत.
माझे पैसे मोजून दिले, थुंकी न लावता.
निघताना कोपऱ्यात उभी ठेवलेली चकती दिसली,
प्लेटच्या पोटातून कापून काढलेली, दीड वीत रुंद.
"ही कशाची?"
"पोकळीची," मी म्हणाले. "भंगार."
त्यांनी ती गुडघ्यावर घेऊन उचलली,
बोटानं टिचकी मारली, कान लावला.
"एवढा जाड तवा," म्हणाले,
"फौजेतसुद्धा मिळाला नव्हता."